एकट्याने गरवण्यासाठी तेरा फुटी होडी: बैठक, उलांडी आणि नांगर यांविषयी सल्ला हवा

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. कर्ली खाडीच्या आतल्या अंगाला आमचे घर आहे आणि गेल्या मे महिन्यात मी तेथेच एक वापरलेली फायबरची होडी विकत घेतली. लांबी १३ फूट, मध्यावर रुंदी ३० इंच, वजन साधारण ३० किलो. इंजिन नाही, एकट्याने एका वल्ह्यावर चालवायची. जाळे मारण्याचा माझा विचार नाही. भरती लागली की खारफुटीच्या कडेने तांबोशी, पालू आणि नशिबात असेल तर चोणक यांच्यासाठी गरी टाकून तीन-चार तास बसावे, एवढीच हौस आहे.

अडचण अशी की, होडीतले बसण्याचे आडवे फळकूट जवळजवळ काठाच्या पातळीला, तळापासून १२ इंचांवर आहे. टेकायला काही नसल्यामुळे तासाभरात कंबर धरते. म्हणून मी एका प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून ती फळकुटावर बांधली. पाठीला आराम मिळाला. पण होडी इतकी डुलू लागली की, मान वळवून मागे पाहायचीही भीती वाटते. मागच्या आठवड्यात उजव्या बाजूला आलेली तांबोशी हातजाळीत घेण्यासाठी वाकलो, तर काठच पाण्याखाली गेला. बादलीभर पाणी आत आले आणि पक्कड, गरींचा डबा व चष्मा खाडीने घेतला. तांबोशी अर्थातच गेली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बैठक कशी करावी? उलांडी, म्हणजे होडी कलू नये म्हणून बाहेर बांधायचा तरंगता ओंडका, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे एकाच बाजूला लावावी, की हल्ली काही जण दोन्ही बाजूंना पाइपाचे छोटे तरंगते तुकडे लावतात, तसे करावे? आणि नांगर कोठे बांधावा? सध्या तो मी बसतो तेथेच, हाताशी, बाजूच्या कडीला बांधलेला असतो.

ओळंबा

आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी मार्गी लावावे, म्हणजे दुसऱ्याचे काम निम्मे होईल. ती खुर्ची आजच काढून टाकावी.

अशा हलक्या होडीत सर्वांत जड वस्तू म्हणजे बसणारा माणूस. आपले वजन ७२ किलो, होडीचे ३० आणि सामानाचे १० धरले, तर बैठक ५ इंच खाली घेतल्याने एकूण भाराचा गुरुत्वमध्य सुमारे ८ सेंटिमीटर खाली जातो. ऐकायला हे थोडे वाटते; पण ३० इंची होडीत स्थैर्याची शिल्लकच बेताची असते आणि त्यातले ८ सेंटिमीटर फार मोठे ठरतात. रुंदीचे गणित वेगळे आहे. होडीला तोलून धरणारा परिणाम पाण्याच्या रेषेवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ७५ऐवजी ८५ सेंटिमीटर रुंदीची होडी घेतली असती, तर तो जवळजवळ दीडपट मिळाला असता. आता रुंदी बदलता येत नाही. उंची मात्र आपल्या हातात आहे.

फळकूट काढून तळापासून ६-७ इंचांवर नवारीची पट्टी आडवी-उभी विणून घ्यावी. खाटेसारखी ती अंगाला साथ देते, पाणी साचू देत नाही आणि लवकर सुकते. खाली बसले की गुडघे वर येतात आणि पायांना मुंग्या येऊ लागतात. त्यासाठी पुढे टाचा टेकतील असा आडवा दांडा बसवावा. पाठीला टेकण असले तरी पायांना अडसर नसेल, तर माणूस हळूहळू पुढे घसरत राहतो आणि कंबरदुखी तशीच राहते. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

मासा घेताना एक पथ्य पाळावे: डोके काठाच्या बाहेर जाता कामा नये. मासा बाजूने ओढण्याऐवजी गळाची काठी पुढे फिरवून त्याला नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, अंगाला आणावे आणि लांब दांड्याच्या हातजाळीने, बसल्या जागेवरून उचलावे. आपली हातजाळी आखूड असणार, असा माझा अंदाज आहे.

पांगारा

मालवण भागात लहान होड्यांची डागडुजी करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून उलांडीबद्दल लिहितो.

आपल्याकडची जुनी उलांडी एकाच बाजूला असते. दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला पांगारा किंवा सावर यांसारख्या हलक्या लाकडाचा ओंडका. तो ओंडका पाण्यावर टेकलेला असतो. होडी उलांडीच्या बाजूला कलू लागली की ओंडक्याची तरंगण्याची ताकद तिला अडवते, आणि विरुद्ध बाजूला कलू लागली की त्याचे वजन तिला मागे ओढते. रापण किंवा जाळे टाकणाऱ्याला मोकळी बाजू लागते, म्हणून ही रचना त्याच्या सोयीची आहे. पण आपण एका जागी बसून गरवणार. खारफुटीच्या मुळांतून होडी काढताना चार-पाच फूट बाहेर आलेली उलांडी अडकते, आणि लागलेला मासा नेमका तिच्याखालून जातो. आपल्या कामाला दोन्ही बाजूंची छोटी तरंगती नळकांडीच बरी, असे माझे मत आहे. जुन्या पद्धतीचा अभिमान असूनही हे मी लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

१६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप प्रत्येकी ९० सेंटिमीटर कापावा. दोन्ही टोकांना झाकणे चिकटवण्याआधी आत थर्मोकोलचे तुकडे भरावेत, म्हणजे पुढे तडा गेला तरी नळकांडे पाण्याने भरणार नाही. चिकटवल्यावर एक रात्र पाण्याच्या टाकीत दाबून ठेवून बुडबुडे येतात का ते पाहावे. असे नळकांडे पूर्ण बुडाले, तर स्वतःचे वजन वजा जाता साधारण १५ किलोची उचल देते. ते होडीच्या मध्यरेषेपासून एक मीटर अंतरावर असेल, तर ७२ किलोचा माणूस सुमारे २० सेंटिमीटर बाजूला सरकल्यावर जो कल येतो, तेवढा ते एकटे पेलते. गरवण्यासाठी याहून अधिक लागत नाही.

लोक येथे एक चूक करतात. नळकांडी पाण्यावर दाबून बसवतात. मग वल्हवताना दोन्ही बाजूंना ब्रेक लावल्यासारखे होते. होडी सरळ असताना ती पाण्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर राहिली पाहिजेत. थोडे डुलणे शिल्लक राहील, ते राहू द्यावे. आडवा दांडा बैठकीच्या मागे, हात पोहोचेल इतक्या अंतरावर असावा, म्हणजे वल्हे मारताना तो कोपराला लागत नाही.

दांड्यासाठी माणगा जातीचा बांबू वापरावा. तो जवळजवळ भरीव असतो आणि लवतो, पण सहज मोडत नाही. फायबरला भोके पाडून बोल्ट मारू नयेत. दांड्याचा प्रत्येक हिसका त्या भोकावर येतो आणि हंगामाच्या आत तेथून तडे जातात. काठाखालून दोरी घेऊन घट्ट बांधावे आणि दोरीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा, म्हणजे दांडा सरकत नाही.

आता नांगर. आपण तो बाजूला बांधता, हे मी दोनदा वाचले. ओहोटीचा जोर लागला की बाजूला बांधलेला नांगर होडी आडवी धरतो, वरून येणारे पाणी पोटावर आदळते आणि दोरीकडची कड खाली ओढली जाते. त्या वेळी कोणतीही उलांडी आपल्याला वाचवणार नाही. दोर नेहमी नाळेवरून गेला पाहिजे. नाळेला एक कडी आणि बैठकीजवळ दुसरी, त्यांतून फिरणारी दोरीची माळ केली, तर बसल्या जागेवरून नांगराचा दोर नाळेकडे सरकवता येतो. उथळ चिखलात तर नांगरापेक्षा रोवलेली काठी बरी. आवाज होत नाही आणि चिखलात रुतलेला नांगर उपसताना येणारा झोकही टळतो.

मेपल-पान

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या कॅनडात ऑन्टारियो प्रांतात राहतो. येथे तळ्यांमध्ये अशाच अरुंद होड्या, ज्यांना कनू म्हणतात, त्या घेऊन लोक मासेमारीला जातात. ओळंबा यांनी बैठकीविषयी लिहिलेले शब्दशः खरे आहे. लाट उठली की येथले जाणते लोक बैठक सोडून सरळ तळावर गुडघे टेकतात. त्यासाठी तळाला जाड रबरी चटई अंथरावी. ती गुडघ्यांना उपयोगी पडतेच, शिवाय फायबरवर शिसे किंवा पक्कड आपटून होणारा आवाज थांबतो. शांत पाण्यात तो आवाज मासा पळवतो.

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असतो. होडीच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे नसतील, तर पाण्याने भरल्यावर ती बुडेल. वापरलेल्या होडीत ते कप्पे असले तरी फुटलेले असू शकतात. दोन्ही टोकांत थर्मोकोलचे किंवा फोमचे ठोकळे घट्ट बसवावेत आणि एकदा कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम होडी भरून पाहावी.

येथील नियमाप्रमाणे कनूत प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट, किमान १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसण्याचे भांडे आणि शिटी लागते. भांडे म्हणजे तेलाचा कॅन तिरका कापला तरी चालतो. फक्त तो दोरीने बांधलेला असावा, नाही तर गरज पडते तेव्हा तोच पाण्यात तरंगत दूर जातो. जाकीट घेताना पाठीचा खालचा भाग पातळ असलेले घ्यावे. जाड पाठीचे जाकीट टेकणाला अडते, मग माणूस ते काढून बाजूला ठेवतो, आणि बाजूला ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग काय ते सांगायला नको.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे.

खुर्ची काढली आणि तळापासून साडेसहा इंचांवर नवार विणून घेतली. फरक पहिल्याच दिवशी जाणवला. नळकांडी अजून बसवलेली नव्हती, तरी मागे वळून बर्फाच्या पेटीतून पाणी काढता आले. ती पेटी मी पूर्वी पाठीमागे ठेवत असे, त्यामुळे नाळ वर उचलली जाई आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की होडी भलतीकडे वळे. आता पेटी पुढे, तळाला बांधलेली असते.

मेपल-पान यांनी सांगितल्याप्रमाणे होडी भरून पाहिली. पुढचा कप्पा शाबूत निघाला. मागच्यातून मात्र बुडबुडे आले आणि होडीचे ते टोक सरळ तळाला टेकले. ही होडी घेऊन मी दोन महिने खोल पाण्यात जात होतो. आता तेथे फोम भरला आहे.

नळकांडी बसवली आहेत, पण माझ्याकडून डावे एक इंचभर खाली बसले आणि वल्हवताना होडी सतत डावीकडे ओढते. बांधणी सोडून पुन्हा करावी, की नुसती पाचर मारून भागेल?

पांगारा

पाचर मारू नये. ती भिजून सुटेल आणि आपल्याला कळणारही नाही. बांधणी सोडून पुन्हा करावी. मात्र करताना जमिनीवर करू नये. होडी गुडघाभर पाण्यात, वारा नसताना उभी करावी, आपल्या वजनाइतकी रेतीची पोती बैठकीवर ठेवावीत, पेटीही जागेवर ठेवावी आणि मग दोन्ही नळकांड्यांखाली तेच चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून दोर आवळावा. तांबोशी मिळाली की येथे कळवावे.