वेग इंजिनापेक्षा पिचवर

रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानात ४० च्या जागी ४६ चं इंजिन (०.४० ऐवजी ०.४६ घनइंचाचं) बसवलं की ते आपोआप वेगवान होईल, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. जाड पंखाच्या ट्रेनरवर (शिकाऊ विमानावर) जास्तीची ताकद चढाईत दिसते, सरळ उड्डाणात ड्रॅगच (हवेचा विरोध) आडवा येतो. आधी प्रॉपचा (प्रोपेलरचा) हिशोब करा: पिच (एका फेरीत प्रॉप सैद्धांतिकदृष्ट्या जितका पुढे सरकतो ते अंतर, इंचांत) × आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) × ०.००१५२४ = ताशी किमी. १०×६ प्रॉप (व्यास १० इंच, पिच ६) १२,००० आरपीएमवर सुमारे ११० देतो, ९×८ प्रॉप १४,००० वर १७०. ही सैद्धांतिक मर्यादा. प्रत्यक्षात पातळ, सममितीय पंख असेल तरच तिच्या जवळपास पोचता येतं.

जास्त पिचचा प्रॉप जमिनीवर स्टॉल होतो (पात्यांवरून हवा नीट वाहत नाही, ओढ कमी पडते), म्हणून टेकऑफला लांब धाव लागते. हवेत भार उतरून आरपीएम वाढतात, इंधन-हवेचं मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं). त्यामुळे नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) जमिनीवर कमाल आरपीएमच्या ३००-४०० खाली, रिच (जास्त इंधनाच्या) बाजूला ठेवा, नाहीतर इंजिन तापून जातं. आणि एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळीच्या) लिंकेजमधली (जोडणीतली) ढिलाई अजिबात चालवून घेऊ नका, फ्लटर (वेगात फळीची जोरात फडफड) तिथूनच सुरू होतो.