कोळशाच्या विजेवर चालणारी स्कूटर गोव्यात स्वच्छ म्हणावी का?

अंत्रुज:
नोकरीसाठी फोंडा ते पणजी असा जाऊन-येऊन सुमारे 60 किलोमीटरचा माझा रोजचा प्रवास आहे. जुनी पेट्रोल स्कूटर बदलायची वेळ आली असून घरची मुले इलेक्ट्रिकच घ्या म्हणून मागे लागली आहेत. माझी शंका खर्चाची नाही. गोव्यात वीजनिर्मिती नगण्य आहे आणि आपल्याकडे येणारी बरीचशी वीज छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल यांसारख्या कोळशावरील केंद्रांतून येते. मग पणजीतला धूर त्या राज्यांच्या माथी मारून आपण स्वच्छ म्हणून मिरवणार, एवढाच याचा अर्थ होत नाही ना? जानेवारी 2024 पासून नवी पर्यटक वाहने विजेवरचीच असतील, असे मुख्यमंत्र्यांनी जुलै 2023 मध्ये गोव्यातल्याच ऊर्जाविषयक बैठकीत जाहीर केले होते, म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्यापुरता राहत नाही. जाणकारांनी आकड्यांसह मत द्यावे.

मांडवीकाठ:
आपली शंका रास्त आहे, पण हिशेब करून पाहू. साधारण इलेक्ट्रिक स्कूटरला 100 किलोमीटरसाठी, चार्जरमधील गळती धरून, भिंतीवरच्या सॉकेटमधून साडेतीन युनिट वीज लागते. देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे अडीच किलोच्या आत. लिटरला 45 किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतराला सव्वादोन लिटर पेट्रोल जाळते आणि दर लिटरमागे 2.3 किलो धरले, तर पाच किलो होतात. वहनातील व शुद्धीकरणातील गळती दोन्हीकडे सोडून दिली आहे. बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन वेगळे. आपल्यासारख्या रोज 60 किलोमीटर जाणाऱ्याचे ते लवकर फिटते, आठवड्यातून एकदा म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्याचे फिटायला बरीच वर्षे लागतात. कोरब्याच्या लोकांच्या वाट्याला येणारी राख मात्र या हिशेबात कुठेच दिसत नाही, हेही मान्य करायला हवे.

बार्देसचा भाडेवाला:
कागदावर सगळे ठीक आहे. मी किनाऱ्यालगत दुचाक्या भाड्याने देतो आणि त्यांत काही इलेक्ट्रिकही आहेत. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तो वेळीच पुसला नाही, तर चार्जर गाडीला ओळखतच नाही. एका गाडीचा कंट्रोलर ऐन डिसेंबरात गेला आणि सुटा भाग यायला हंगाम उलटला. पेट्रोलची गाडी गल्लीतला मेस्त्री तासाभरात सुरू करून देतो. सक्ती करायची असेल, तर आधी तालुक्यागणिक दुरुस्तीची सोय करा, मग आमच्याकडे या.

निवृत्त वीज अभियंता:
वरील तक्रार खरी आहे, पण मूळ प्रश्नातील एक दुवा राहून गेला: गाडी कधी चार्ज होते. बहुतेक जण संध्याकाळी सातला घरी येऊन प्लग लावतात. नेमका तेव्हाच विजेचा भार सर्वाधिक असतो आणि सौरऊर्जा शून्य. हीच सवय राज्यभर पसरली, तर नव्या वाहिन्यांची गरज वाढेल, आणि त्या कुठून न्यायच्या हा वाद आपण पाहिलेलाच आहे. मोले अभयारण्य परिसरातून जाणाऱ्या 400 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीला 2020 मध्ये मोठा विरोध झाला आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आधीच्या 220 केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातून नेण्याचा मार्ग दाखवला.

म्हणून माझे मत असे की, अनुदान गाडीपेक्षा दिवसाच्या चार्जिंगवर खर्च व्हावे. कार्यालयाच्या वाहनतळात साधे 15 अँपिअरचे सॉकेट असले, तरी दुचाकीला पुरते. आपल्याला रोज दोन-सव्वादोन युनिट लागतील आणि छपरावरील एक किलोवॉट सौरसंच स्वच्छ उन्हात दिवसाला चारच्या आसपास देतो. जून ते ऑगस्ट मात्र त्याच्यावर विसंबू नये. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. घराला मंगळुरी कौले असतील, तर आधी वाशांची ताकद तपासून घ्यावी, आणि दक्षिणेला फणस किंवा माड असेल, तर त्याची सावलीही. गाडी घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मिळते का ते विचारावे. ती थोडी जड असते, पण जास्त वर्षे टिकते.

अंत्रुज:
आभारी आहे. कौलेच आहेत, आणि फणसही. कार्यालयात सॉकेटसाठी अर्ज करतो. मात्र त्या विजेचे बिल कोणी भरायचे, यावरच तो अडकेल असे दिसते. कुठल्या कार्यालयाने यासाठी वेगळा मीटर बसवला असेल, तर त्यांची पद्धत कळवावी.