सेमला बिनअंड्याचा जमेल का?

मृद्‌गंधा
नमस्कार मंडळी. आम्ही स्वीडनमध्ये माल्मोला नवीन आहोत. फेत्तिसदागला (लेंटच्या उपवासाआधीचा मंगळवार) ऑफिसात सगळ्यांसाठी सेमला, म्हणजे बदामाचं सारण आणि क्रीम भरलेला इथला गोड पाव, करून आणते असं मी बोलून बसलेय. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांना अंडं चालत नाही. अंड्याशिवाय पाव हलका होईल का? बदामाचं सारण घरी कसं करतात? आणि क्रीममध्ये साखर किती घालायची?

योतेबोरची_सुगरण
शेवटचं आधी सांगते. क्रीममध्ये साखर अजिबात नाही! गोडी सारणात आणि वरून भुरभुरवलेल्या पिठीसाखरेत असते. क्रीम फिकं असेल तरच सेमला अति गोड लागत नाही. आपला हात हटकून साखरेच्या डब्याकडे जातो, म्हणून बजावतेय.

अंड्यावाचून काही अडत नाही. ७५ ग्रॅम लोणी वितळवा, त्यात अडीच डेसिलिटर (म्हणजे २५० मिली) दूध घालून कोमट करा, ३७ अंशांच्या आसपास. २५ ग्रॅम ताजं यीस्ट (५० ग्रॅमच्या वडीतलं अर्धं) त्यात विरघळवा. मग एक डेसिलिटर साखर, अर्धा चमचा मीठ, दोन लहान चमचे वेलदोडा आणि सुमारे सात डेसिलिटर मैदा.

वेलदोड्याची तयार पूड मात्र नको. टरफलं काढून काळे दाणे खलबत्त्यात भरड कुटा, मध्येच दाताखाली आले पाहिजेत. या बाबतीत स्वीडिश लोक आपल्यापेक्षा सढळ आहेत, श्रीखंडात चिमूटभर घालणाऱ्यांनी इथलं प्रमाण बघून दचकू नये.

कणीक मशीनमध्ये दहा मिनिटं मळा. बोटांना किंचित चिकटली तरी वरून मैदा घालू नका, त्यानेच पाव कोरडा होतो. झाकून पाऊण तास ठेवा, बारा गोळे करा, पुन्हा ४० मिनिटं फुगू द्या. अंड्याऐवजी वरून दूध लावा. ओव्हनमध्ये २२५ अंशांवर ८ ते १० मिनिटं पुरतात. चकाकी कमी येते, पण साखरेखाली कोण बघतंय?

सारणाला सोललेले बदाम आणि साखर सारख्या वजनाची, १००-१०० ग्रॅम. साली काढल्यावर बदाम पूर्ण वाळवा, नाहीतर मिक्सरमध्ये लगदा होतो. बारीक करून चमचा-दोन चमचे पाण्याने घट्ट गोळा बांधा. दुकानातून आणणार असाल तर मान्देलमास्सा (तयार बदामगोळा) घ्या, मार्झिपान नको, त्यात साखर फार. पाव थंड झाले की वरची टोपी कापा, आतला थोडा गर काढून किसलेल्या बदामगोळ्यात दुधासोबत कालवा आणि परत भरा. हे सारण ढिलं पण वाहणारं नको. वर क्रीम, मग टोपी, मग पिठीसाखर.

कोथरूडकर
इथे पुण्यात करायचं तर क्रीम कुठलं? माझं फेटून फेटून पातळच राहतं.

योतेबोरची_सुगरण
२५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम असणार. ते फेटलं जात नाही. ३५ टक्क्यांच्या पुढचं दुधाचं क्रीम शोधा, भांडंसुद्धा फ्रीजमध्ये गार करा. केकवाल्यांचं नॉन-डेअरी क्रीम उभं राहतं खरं, पण मुळातच गोड असतं. माझ्या मते त्यापेक्षा नुसतं सारण भरून खावं.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात कार्निव्हल संपतो तोच हा मंगळवार, दुसऱ्या दिवसापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ. हा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो. म्हणून तारीख दर वर्षी हलते. आणि तो सेमला खाऊन मेलेला राजा खरा का?

योतेबोरची_सुगरण
राजा खरा. स्वीडनचा आडोल्फ फ्रेडरिक, १२ फेब्रुवारी १७७१ ला गेला. पण सेमल्याआधी लॉब्स्टर, कॅव्हिआर, आंबवलेला कोबी, धुरावलेला मासा आणि शॅम्पेन झालं होतं म्हणतात. एकट्या बिचाऱ्या पावाला का दोष द्यायचा? त्याने खाल्ला तो प्रकार म्हणजे हेतवेग, वाडग्यात गरम दूध घालून त्यात सेमला. सासूबाईंना तो द्या, मृद्‌गंधाताई, थंडीत बरा लागतो.

मृद्‌गंधा
खूप आभार! आदल्या रात्री भरून ठेवले तर चालतील का?

योतेबोरची_सुगरण
नको, पाव ओलसर होतो. पाव आणि सारण रात्री करा, क्रीम न फेटता थंड डब्यातून न्या आणि फीकाच्या (कॉफीच्या सुट्टीच्या) जरा आधी तिथेच फेटून भरा. हाताने फिरवायचा बीटर पुरतो. पिठीसाखरेची गाळणी विसरू नका.