शुल्क किती यापेक्षा कधी बदलतं ते बघा

"आयात शुल्क शून्य करा, डाळ आपोआप स्वस्त होईल" असा एक मुद्दा मांडला जातो. वाशीला दाणाबंदरात (धान्याच्या घाऊक बाजारात) वर्षाची डाळ भरणारा मीही ग्राहकच, स्वस्त मिळाली तर कुणाला नकोय? पण पिवळ्या वाटाण्याचं काय झालं बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये एकदम शून्य, नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के. हा वाटाणा नुसत्या रगड्यात जात नाही, दळून बेसनातही खपतो. म्हणजे फटका हरभऱ्याला.

तुरीचं तर आणखी अवघड. मे २०२१ पासून आयात मोकळी, आणि मुदत संपत आली की वाढवायची. लातूरकडचा शेतकरी जूनमध्ये पेरतो, माल हाती येतो डिसेंबर-जानेवारीत. तोवर म्यानमार-आफ्रिकेची तूर किती येणार याचा अंदाज त्यानं कशाच्या जोरावर बांधायचा?

माझ्या मते शुल्क हमीभावाला बांधावं. बंदरात उतरलेल्या मालाचा भाव हमीभावाखाली गेला की शुल्क चढेल, वर गेला की उतरेल. आणि हे कोष्टक पेरणीआधी, मे महिन्यातच जाहीर व्हावं. (व्यापाऱ्यांना आवडणार नाही, साठ्याचा खेळ बंद होईल.)