मे महिन्यात घर भरतं, पण आई पंगतीत नसते. एक दुपार काय करू?

आचऱ्याची लेक:
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात भाऊ-भावजय, दोन्ही आत्या आणि त्यांची पोरंबाळं तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरताहेत. आम्हाला धरून चौदा पानं, त्यात पाच पोरं. घर आचऱ्याजवळ आहे, खळं, म्हणजे पुढचं अंगण, मोठं, दुपारी फणसाची सावली येते.

दरवर्षी पहिल्या दिवशी वडे-सागोती, दुसऱ्या दिवशी घावणे आणि नारळाचा रस, तिसऱ्या दिवशी तळलेले मासे. चवीला सगळं उत्तम, पण तिन्ही दिवस आई चुलीपुढे. वडे गरमच हवेत म्हणून ती सोडत बसते, घावणा तव्यावरून थेट पानात पडायला हवा म्हणून ती उठत नाही. हाक मारली की "तुमी जेवा रे, मी मागसून जेवतंय." आम्ही आंबे कापायला घेतो तेव्हा ती मागीलदारी एकटी ताट घेऊन बसलेली असते, आणि टोपात उरलेली असते बांगड्याची शेपटी. आता तिला 67 वर्षं झाली.

मला एक दुपार अशी हवी आहे की अकराच्या आत चूल विझेल आणि चौदाही जणं एकदम खाली बसतील. सणाचा थाट नको. बाहेरून मागवायचं नाही, ते आईलाही रुचत नाही आणि मलाही. थोरली आत्या सोमवार, गुरुवार, शनिवार पाळते. काय बेत करू?

कुडाळचा:
कुकरला पुलाव लावा, सोबत कोशिंबीर. अर्ध्या तासात मोकळे.

आचऱ्याची लेक:
दादा, पुलाव मुंबईत होतोच त्यांच्याकडे. इथे आल्यावर पोरांना इथलं खायला मिळावं असं वाटतं.

वेंगुर्ल्याची सून:
ताई, तुमचा प्रश्न वाचून सासूबाई आठवल्या. त्यांना पंगतीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बुधवारी, आणि त्या दिवशी घरात फक्त पेज आणि तिखलं होतं. तेव्हापासून मी बेत ठरवताना एकच गोष्ट बघते: हे करायला जेवणाच्या वेळी कुणी तव्यापाशी उभं राहणार आहे का? राहणार असेल तर तो पदार्थ त्या दिवशी नाही. म्हणून वडे, घावणे, आंबोळ्या, तळलेली तुकडी, सगळं बाद.

बांगड्याचं तिखलं सकाळी करून ठेवा. ते दुपारी जास्त चांगलं लागतं, दुसऱ्या दिवशी तर फारच. चौदा-पंधरा बांगडे घ्या, एकेकाच्या तीन तुकड्या. लाल मिरच्या, धणे, हळद आणि मूठभर ओलं खोबरं गुळगुळीत वाटायचं. कोकमं आणि दहा-बारा तिरफळं घालायची. तिरफळातली काळी बी काढून टाका, कडू असते. आणि तिरफळं नुसती ठेचा, वाटणात घालू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी ती वाटली होती आणि सगळं कालवण तुरट होऊन बसलं, कुणी काही बोललं नाही, पण घास पुढे जात नव्हता. फोडणी नको. शिजलं की वरून कच्चं खोबरेल आणि झाकण.

मासे आत्ताच खाऊन घ्या, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद. मेअखेर भावही चढतात, तेव्हा दिवस लवकरचा धरा. आत्याबाईंसाठी बुधवार किंवा शुक्रवार.

पेजेला उकडा तांदूळच हवा. चौदा जणांना किलोभर पुरे, सात-आठ पट पाणी, मंद जाळ, तासभर. शीत मऊ झालं पाहिजे, पण फुटता कामा नये. मीठ शेवटी. पेज बसली की दाट होते, म्हणून शेजारी गरम पाण्याची किटली ठेवा. टोप सरळ खळ्यात आणून ठेवायचा, त्यात करवंटीची डवली, ज्याला हवी त्याने उठून वाढून घ्यावी. पोरांना ते काम फार आवडतं.

गोडाला रायवळ आंब्याचं सासव. आंबे सोलून अख्खेच टाकायचे, सालं थोड्या पाण्यात चोळून तो रसही त्यात. गूळ, मीठ, आणि ओलं खोबरं-मोहरी-सुक्या मिरचीचं वाटण. गॅस लागतच नाही. बाठा चोखताना कोपरापर्यंत ओघळ येतात, त्यामुळे पोरांचे चांगले कपडे आधी उतरवा.

सोलकढीचा नारळाचा रस काढून थंड ठेवा, आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, अगदी पानं मांडल्यावर घाला. मेच्या उकाड्यात आधी मिसळून ठेवली तर पाणी आणि साका वेगळे होतात.

गुहागरहून:
आमच्याकडे मासे नाहीत, पण अडचण तीच होती. आम्ही कुळथाचं पिठलं दाटसर करून ठेवतो, मऊ भात, मेतकूट, वर तूप, पोह्याचे भाजलेले पापड. पापड मात्र सकाळीच भाजून डब्यात बंद करा, नाहीतर त्यासाठीही एक माणूस आत अडकतं. फणसाच्या आठळ्या चुलीच्या राखेत पुरून ठेवा. जाळ विझला तरी त्या भाजत राहतात. आधी प्रत्येकीला चीर द्या, नाहीतर फुटून उडतात.

आचऱ्याची लेक:
वेंगुर्ल्याच्या ताई, आईचं म्हणणं असं की पाहुण्यांना पेज वाढली तर लोक काय म्हणतील? पेज रोजची, न्याहारीची. तिला कसं समजावू?

वेंगुर्ल्याची सून:
समजावू नका. आत्याला फोन लावून द्या आणि विचारा, काय खाणार. मुंबईत उकडा तांदूळ आणून पेज करणारं त्यांच्या घरात कुणी उरलंय का ते बघा.

आचऱ्याची लेक:
फोन लावला. आत्या दुसरं काही बोललीच नाही, "पेज करतलस तर मी आदल्या रात्रीच येतंय" म्हणाली.

काल शुक्रवारी जेवलो. चूल पावणेअकराला विझली. तिखल्याचं वाटण आईने केलं, ते तिने कुणाला करू दिलं नाही, बाकी आम्ही. खळ्यात दोन चटया, टोप मध्ये. आई सवयीने उभी राहिली आणि कुणाला काय हवं बघायला लागली, तर भावाच्या सात वर्षांच्या मुलीने तिचा हात धरून खाली बसवलं आणि डवली स्वतःकडे घेतली. आईच्या पानात पेज सांडली, थोडी लुगड्यावर. आई हसत होती. आत्याने तिखल्यातली मधली तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली, मग तिने दोनदा पेज मागून घेतली. चार वाजेपर्यंत कुणी उठलं नाही, ताटं तशीच सुकली. आठळ्या राखेतून शोधून काढायला पोरांना तास लागला.

तिखलं चार तुकड्या उरलंय. उद्या सकाळी घावण्यांबरोबर संपवू, तव्यापाशी मी आणि भाऊ बसणार आहोत. बिडाच्या तव्यावर पहिला घावणा नेहमी चिकटतो, त्याला काय करता?

वेंगुर्ल्याची सून:
कांदा अर्धा कापून तेलात बुडवा आणि तव्यावर घासा, प्रत्येक घावण्याआधी. पीठ पातळ ठेवा, अगदी ताकासारखं.