क्रॉप सर्कलची चित्रं आवडली, पण भिंतीवर 'गूढ' कशाला?

कृष्णाकाठ:
सांगलीत एका चित्रकार बाईंचं प्रदर्शन पाहिलं. विषय क्रॉप सर्कल, म्हणजे इंग्लंडात, मुख्यतः विल्टशरमध्ये, गव्हा-बार्लीच्या उभ्या पिकात रातोरात उमटणाऱ्या आकृत्या. कॅनव्हास ठीकठाक. जीव आहे तो लोकरीच्या कामात. वर्तुळाच्या आत लोकरीचा कल एकीकडे, बाहेर दुसरीकडे. रंग एकच, तरी आपण जरा बाजूला सरकलो की आकृती उजळते किंवा मावळते. आडवा केलेला गहूही वरून असाच दिसतो, कारण पिकाचा रंग तोच असतो, फक्त काड्यांची दिशा बदललेली असते. बाईंनी हे नेमकं हेरलंय.

तक्रार आहे ती भिंतीवरच्या मजकुराबद्दल. म्हणे 'मानवी हात न लागलेलं गूढ'! अहो, १९९१ साली डग बॉवर आणि डेव्ह चॉर्ली या साठी ओलांडलेल्या दोघांनी वर्तमानपत्रवाल्यांसमोर आकृती करून दाखवली. सामान काय, तर फळी, दोरी आणि रेघ सरळ यावी म्हणून टोपीला अडकवलेली तारेची कडी. ती आकृती एका जाणकाराने अस्सल ठरवली, ही त्यातली खरी गंमत. १९९२ चं इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं पारितोषिकही दोघांना मिळालं. भिंतीवर त्यांची नावं हवीत.

औंधकर:
साफ चूक. आमच्या औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. पौराणिक प्रसंग खरंच घडला का, हे विचारून कोणी ती बघतं का? कलाकाराला गूढ वाटलं, तिने चितारलं. तुम्हाला पंचनामा हवाय.

कृष्णाकाठ:
पुराणातल्या चित्राखाली 'सत्य घटना' अशी पाटी नसते हो. इथे आहे.

उघडे_डोळे:
आणि २००१ ची, विल्टशरमधल्याच मिल्क हिल टेकडीवरची आकृती? ४०९ वर्तुळं! तीही दोन म्हाताऱ्यांनी फळीने केली?

कृष्णाकाठ:
त्यांनी केली असं म्हटलंय कुठे? त्यांच्यानंतर संगणकावर आराखडा करून गटाने उतरणारी माणसं आली. आकृती मोठी झाली म्हणून माणसाचे हात गळून पडत नाहीत.

माणदेशी_शाळू:
तुम्ही सगळे शेताच्या मालकाला विसरलात. आमच्याकडे काढणीच्या तोंडावर वारं-पाऊस झालं की शाळू लोळतो, आणि घरात दोन दिवस कोणी धड बोलत नाही. तिकडं म्हणे काही शेतकऱ्यांनी बघ्यांकडून पैसे घेतले. ब्येस केलं! पण ज्याच्या पिकावर फळी फिरवली त्याला विचारलं होतं का? नावं लावायचीच तर आधी त्याचं लावा.

औंधकर:
म्हणून तर करणारे गप्प बसतात. नाव सांगितलं की भरपाई मागायला माणूस दारात. ज्यांना स्वतःला अनाम राहायचंय त्यांची नावं भिंतीवर कशाला, कृष्णाकाठ?

कृष्णाकाठ:
बॉवर-चॉर्ली अनाम राहिले नाहीत, स्वतः पुढे आले. आणि बाकीच्यांसाठी 'माणसांनी केलेलं' एवढे दोन शब्द पुरेत.

लोकर_आणि_खळ:
मी घोंगड्यांचं काम जवळून पाहिलंय, म्हणून थोडं लांबण लावते. मागावर धागे उभे-आडवे, काटकोनात. त्यात वर्तुळ सरळ उतरतच नाही, कडेला पायऱ्या पडतात. शेतात उलट आहे. मधे एकाने दोरी धरली, दुसरा फिरला, की गोल तयार. म्हणजे तिकडची सगळ्यात सोपी गोष्ट मागावर सगळ्यात अवघड. बाईंनी पायऱ्या लपवल्या नाहीत, हे मला फार आवडलं. दाबलेल्या लोकरीच्या लहान तुकड्यांत मात्र गोल अगदी गुळगुळीत आलाय, आणि तिथेच काम सपक झालंय.

आता मुद्दा. दोन मोठे तुकडे माण तालुक्यातल्या एका विणकराने विणलेत, हे बाईंनीच गप्पांमध्ये सांगितलं. धाग्याला लावायची चिंचोक्याची खळसुद्धा त्या विणकराच्याच घरची. भिंतीवर त्यांचाही उल्लेख नाही. विल्टशरचं राहू द्या, म्हसवडच्या रस्त्यावरचा हा विणकर तर अनाम राहायला बघत नव्हता ना?

माणदेशी_शाळू:
हे बोललात बघा!

उघडे_डोळे:
विषय भरकटतोय. ४०९ वर्तुळांचं उत्तर अजून मिळालं नाही.

औंधकर:
विणकराच्या नावाला माझाही पाठिंबा, प्रदर्शन उतरायच्या आत पाटी लागावी. पण 'गूढ' हा शब्द राहू द्या. डग-डेव्ह तिकडे जाऊन वाचा.

कृष्णाकाठ:
दोन्ही पाट्या एकाच माणसाकडून रंगवून घेऊ, खर्च माझा. मजकुरावर भांडण चालू ठेवू.