'अतिताप' की 'शेक'? हायपरथर्मियाला मराठीत काय म्हणाल?

नौपाडाकर
आमच्या वाचनकट्ट्यासाठी विज्ञानाचे तक्ते मराठीत करतेय, त्यातल्या एकावर अडलेय. विषय असा: लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, कर्करोगाच्या गाठीत पोचवायचे आणि बाहेरून सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण तापतात, गाठ ४२-४३ अंशांपर्यंत गरम होते, आणि तिथल्या पेशी मरतात किंवा किरणोपचारापुढे दुबळ्या पडतात. मी लिहिलं, 'चुंबकीय अतिताप-उपचार'.

कच्चा तक्ता कळव्याच्या आत्याला वाचायला दिला. तिची केमोथेरपी झालेली आहे. 'अतिताप'वर बोट ठेवून म्हणाली, "केमोत मला जरा ताप आला की तुम्ही रात्री-अपरात्री रिक्षा शोधत पळायचात. आता तो मुद्दाम आणायचा?" खाली 'मूलपेशी' (स्टेम सेल) होतं. तिथे विचारलं, "कुणाच्या मुलाच्या?" तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. दोन्ही शब्दांना पर्याय सुचवा.

कोपरीकर
शेक! चुंबकीय शेक. घरोघरी कळेल. बाळंतिणीची शेकशेगडी कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

पाचपाखाडी
'ताप' एवढ्या सहज सोडू नका. सुश्रुतसंहितेत स्वेदाचे, म्हणजे घाम आणणाऱ्या शेकाचे, चार प्रकार दिलेत: तापस्वेद, ऊष्मस्वेद, उपनाहस्वेद आणि द्रवस्वेद. तापस्वेद म्हणजे तळहात, वाळू, कापड असं काही तापवून दिलेला कोरडा शेक. म्हणजे हा शब्द शेकाचाच. आपण तो ज्वराला देऊन टाकला, तर परत मागायला लाज कसली? 'महापौर' आणि 'दिनांक'सुद्धा सुरुवातीला कानाला टोचलेच असतील. ज्ञानभाषा व्हायची तर शब्द घडवावे लागतात, आणि ते वापरण्याची चिकाटीही लागते. 'गाठ'सुद्धा नको, 'अर्बुद' लिहा. तोही सुश्रुतातच आहे.

कोपरीकर
अर्बुद म्हणजे दहा कोटी, भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांच्या यादीत आहे. त्याच्या पुढचा अब्ज. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एकाच तक्त्यावर अर्बुद आणि अब्ज आले तर वाचणारा आकडेमोड करत बसेल.

खारघर
भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. 'शेक' मलाही आवडतो, पण शेक बाहेरून देतात. कातडी आधी तापते, ऊब मग आत जाते. इथे उलट आहे, ऊब गाठीच्या आत जन्माला येते. 'इंडक्शन शेगडीसारखं' असंही कृपा करून लिहू नका. तिथे भांड्याच्या बुडात वीजप्रवाहाचे भोवरे उठतात. हे कण इतके लहान की त्यांच्यात तसे भोवरे जवळपास उठतच नाहीत. क्षेत्राची दिशा उलटली की कणाचं चुंबकत्व तिच्यामागे उलटायला बघतं, जरासं मागे पडतं, आणि या ओढाताणीत उष्णता निघते.

'जाळणे', 'डाग देणे' हे शब्द तर नकोतच. पन्नाशीच्या वर गेलं की ते भाजणं. ४२-४३ला धरून ठेवणं, हीच यातली कसोटी.

आणखी एक, शब्दापेक्षा महत्त्वाचं. मेंदूतल्या गाठींसाठी किरणोपचाराच्या जोडीने हे करायला युरोपात २०१० साली मान्यता मिळाली. तिथे कणांचा द्रव थेट गाठीत टोचतात. मूलपेशींचा भाग निराळा. अस्थिमज्जेतल्या काही मूलपेशी गाठीकडे ओढल्या जातात, म्हणून त्यांच्या पोटात कण भरून त्यांनाच वाहक करायचं. ते काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालू आहे. तुमचा तक्ता रुग्णही वाचतील. मूलपेशींच्या भागात 'उपचार' लिहू नका, 'संशोधन' लिहा.

नौपाडाकर
हे बदलते, आजच. आणि शेकावरून आठवलं. आत्या गुडघा शेकायची तेव्हा सुती फडक्याची चौघडी तव्यावर दाबून धरायची आणि गुडघ्यावर ठेवण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. चटका बसला तर फडकं एकदा झटकायची. शेकात मोजमाप आहेच, ते मनगटाचं आहे. 'आतून शेक' म्हटलं तर चालेल?

पाचपाखाडी
मोजमाप आहे, मान्य. तरी 'शेक' संस्कृत 'सेक'वरूनच आला असणार, म्हणजे शिंपणं. अभिषेकातला तोच. तुमच्या कोरड्या कणांना तो कसा लागेल?

कोपरीकर
तव्यावरच्या फडक्यात कुठे शिंपण आहे? व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, वापराने ठरतो. आणि कण टोचतात तेही द्रवातूनच.

वर्तकनगर
मूलपेशीला 'स्कंधपेशी' आहे की. वाचलाय मी.

कोपरीकर
स्कंध म्हटलं की खांदा. 'बीजपेशी' म्हणावं तर ती वेगळीच, प्रजननाची. 'मूळपेशी' लिहा, ळ लावा, मुलाची भानगड संपली.

करावेगाव
संपत नाही. आमच्या आगरी बोलीत ळचा ल होतो. डोळा तो डोला, काळा तो काला. तुम्ही 'मूळपेशी' छापा, माझी आई 'मूलपेशी'च वाचणार. या पट्ट्यात तक्ता लावायचा तर इथल्या तोंडाचा विचार करा.

पाचपाखाडी
छापील मजकूर प्रमाण भाषेतच हवा. नाहीतर गावागणिक तक्ता बदलावा लागेल.

करावेगाव
प्रमाण भाषेत लिहू नका असं कुठे म्हटलं? ळ लावल्याने अर्थ सगळ्यांना कळेल हे गृहीत धरू नका, एवढंच. माझी आई चौथीपर्यंत शिकली, पेपर रोज वाचते.

वर्तकनगर
मग 'मूळव्याध' कसं म्हणतात त्या?

करावेगाव
मूलव्याध.

वर्तकनगर
आणि त्यात त्यांना मूल दिसतं का? नाही ना? मग मूलपेशीतच का दिसावं?

करावेगाव
मूलव्याध तिने लहानपणापासून ऐकलाय, सोसलाही आहे. मूलपेशी ती तुमच्या तक्त्यावर पहिल्यांदा वाचणार.